कोहळ्यावरची भुरी

हैबतीला कुणाला नाही म्हणता येत नसे. वाटेनं जाणाऱ्यानं काही सांगावं आणि यानं मान डोलवावी. एकदा कुणीसं सांगितलं, शिंगांना तेल चोळलं की बैल नांगराला चांगला वळतो. दिव्यातलं तेल शिंगांवर गेलं, घर अंधारात जेवलं आणि बैल होता तसाच अडेल राहिला. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, तेलाची बुधली पेटाऱ्यात कुलपात ठेवली होती. पण मळ्याला काही कुलूप घालता येत नाही, आणि त्या पौषात मळ्यातल्या कोहळ्याच्या तीन वेलांवर भुरी आली.

मळा म्हणजे सावित्री नदीच्या काठचा गाळाचा एक लांबट तुकडा. भात निघालं की त्यात काकडी, दुधी, वांगी, वाल असं काय काय व्हायचं. बयाबाई ते पाटीत घालून महाडच्या बाजारात न्यायची आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत घर त्याच्यावर चालायचं. जमीन मात्र गावच्या सोमजाई देवीची. तिचं मागणं एकच होतं. शिमग्यात पालखी सहाणेच्या दगडावर बसली की तिच्यापुढं फोडायचा कोहळा या मळ्यातल्या वेलाचा पाहिजे. बाजारातला चालत नाही, पाहुण्याच्या परसातला चालत नाही. जो कोहळा देईल त्यानं मळा कसायचा, आणि ज्या साली देता आला नाही त्या साली मळा भावकीतल्या दुसऱ्या घरी जायचा. दुसरं घर बांधाला लागूनच होतं, हैबतीचा थोरला चुलतभाऊ मालोजी याचं. मालोजी आणि हैबती कैक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. का, असं विचारलं तर दोघं दोन कारणं सांगत, आणि दोन्ही कारणांत एक म्हैस होती.

भुरी आधी दिसली ती बयाबाईला. सकाळचं दव अजून पानांवर होतं. पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग होते, बोटानं पुसले तर बोट पांढरं झालं.

“आवो, ह्ये बगा. पानाला काय झालंय.”

हैबतीनं पान उलटसुलट करून पाहिलं. “दव असंल.”

“दव बोटाला पांढरं लागतंय व्हय?”

“मंग कोनाला तरी इचारून येतो.”

“कोनाला इचारू नका,” बयाबाई म्हणाली. “माजी आय असल्या भुरीवर आंबट ताक शिंपायची. मी ताक साठवते. चांगलं आंबलं की शिंपू.”

“बरं,” हैबती म्हणाला, आणि विचारायला गेला.

खरं तर सोपा इलाज होता तो, पांढरी झालेली पानं खुडून लांब नेऊन पुरायची. पण देवीच्या वेलाचं पान खुडायचं नाही आणि त्याला लोखंड लावायचं नाही, असा नेम होता. म्हणून ताक. बयाबाईनं पोरांच्या तोंडचं ताक काढून मडक्यात साठवलं. पोरं नुसत्या नाचणीच्या भाकरीला मिठाचा खडा लावून खात आणि आईकडं बघत. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. ताकाला वास सुटला तेव्हा तिला बरं वाटलं. दुपारी ती धुणं घेऊन नदीवर गेली आणि परत येते तर ओटीवर एक घोंगडीवाला बसलेला. वरंधचा घाट उतरून आला होता, मिशा पुसत होता. मडकं त्याच्या पायाशी आडवं पडलं होतं.

“लई मोलाचं सांगितलंय यांनी,” हैबती आनंदानं म्हणाला. “भुरीला धूर द्यायचा. निरगुडीचा.”

“आनि ताक?”

“पावनं उनाचं आलेलं गो. घसा सुकलावता त्यांचा. मी जरा मीठ घालून दिलं.”

घोंगडीवाल्यानं समाधानानं ढेकर दिला. बयाबाईनं ओठांवर आलेलं गिळलं, कारण पाहुण्यासमोर बोलणं बरं दिसत नाही. पाहुणा गेल्यावर मात्र ती जे बोलली ते बांधापलीकडे मालोजीची बायको राहीबाई उभी राहून ऐकत होती.

मग धूर झाला. घरातल्या सगळ्यांचे डोळे लाल झाले, मळ्याच्या कुडाचा एक कोपरा जळाला, भुरीला काही झालं नाही. मग देवळातल्या गुरवानं सांगितलं म्हणून राख टाकली, तीही एकदाच, कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी राखेनं कोहळा खुरटतो असं म्हणालं. हैबती दर वेळी नव्या उमेदीनं उठायचा. त्याचा तो उत्साह पाहून बयाबाईच्या कपाळाची शीर उडायची. एक काहीतरी धरा आणि शेवटाला न्या, असं ती म्हणायची. हैबती “बरं” म्हणायचा. आता नवरा नुसता वाईट असता तर भांडून तरी मोकळं होता आलं असतं. पण हा बिचारा पहाटे उठून कावडीनं नदीचं पाणी आणून वेलांना घालायचा, खांद्याचं कातडं सोलवटलेलं, आणि वर म्हणायचा, “तू नको उचलूस, तुजी पाठ दुखते.” अशा माणसावर रागावलं की आपलंच मन खातं.

माघ लागला आणि पानांवर बारके पिवळे किडे दिसू लागले. मसुरीच्या दाण्याएवढे, पाठ चकचकीत. पांढऱ्या डागांवर त्यांची ही गर्दी. बयाबाईनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, सापडला चोर. गेल्या साली असल्याच गोलमटोल, ठिपक्याठिपक्यांच्या किड्यांनी तिची वांगी चाळणीसारखी केली होती. किडा तो किडा. तिनं करवंटीत थोडं घासलेट घेतलं आणि वेलाखाली वाकून एकेक किडा टिपायला बसली. किड्यांची बारीक, लांबट पिलं पानाच्या मागं असत, तीही तिनं सोडली नाहीत. कंबर धरली, मान अवघडली, हाताला घासलेटाचा वास बसला, पण बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी खरं काम करतोय असं तिला वाटत होतं.

हैबती शेजारी उकिडवा बसला होता. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “पन पान खाल्लेलं दिसत नाय गो कुटं. भोक नाय, काय नाय.”

“मंग काय ते हवा खायाला आल्यात?”

“तसं नाय. मला आपलं दिसलं म्हनून...”

“तुमाला दिसलं! सोन्यासारखं ताक घोंगडीवाल्याला पाजलंत तवा नाय दिसलं?”

जन्मात एकदा हैबतीनं दुसऱ्याला न विचारता स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलं होतं, आणि नेमकं तेव्हाच बयाबाईनं त्याचं ऐकलं नाही. करवंट्या भरभरून किडे मेले. भुरी मात्र या पानावरून त्या पानावर सरकत राहिली, आणि आता तर दुप्पट वेगानं.

अशात हैबतीचा धाकटा भाऊ कोंडाजी मुंबईहून आला. तो तिकडं एका साहेबाच्या बंगल्यावर बागेत कामाला होता. अंगात ताप मुरला म्हणून साहेबानं त्याला हवापालटाला पाठवलं होतं. दासगावच्या बंदरात बोटीतून उतरला, पायी घरी आला, आणि ट्रंकेतून सगळ्यांत आधी काय काढलं तर निळ्या खड्यांचं एक मोठं पुडकं.

“मोरचूद,” तो म्हणाला. “वयनी, ह्ये ताकबिक सब छोड दो. आमच्या सायबाच्या द्राक्षीला ह्येच मारत्यात. येकदम फस्टक्लास.”

“नुसतं मारत्यात?” बयाबाईनं विचारलं.

“चुना बी घालत्यात वाईच. पन त्यो कशाला? वेलाला काय पान खायाचं हाय?”

या विनोदावर हैबती एवढा हसला की त्याला ठसका लागला. बयाबाईला हसू आलं नाही. ती म्हणाली, तिथं घालतात तर इथंही घालावा, भट्टीवरून आणायला कितीसा वेळ लागतो. पण दोघे भाऊ तोवर मडकं शोधायला उठले होते. खडे पाण्यात विरघळले, पाणी मोराच्या मानेसारखं निळं झालं. नव्या केरसुणीनं दोघांनी ते तिन्ही वेलांवर शिंपडलं, मुळापासून बांधापर्यंत. उन्हात पानं निळी निळी चमकत होती. हैबती लांब उभा राहून पाहत होता, देवच दिसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानांच्या कडा करपल्या. तिसऱ्या दिवशी पानं पिकल्या तंबाखूसारखी झाली. बोटाएवढे, मुठीएवढे धरलेले कोहळे देठाशी काळे पडून गळाले. पहिला वेल गेला, दुसरा गेला. तिसऱ्याचा नुसता वळलेला दोर जमिनीवर पडून राहिला. भुरी गेली होती हे मात्र खरं. तिला बसायला पानच उरलं नव्हतं.

“डोस जादा झाला,” कोंडाजी म्हणाला आणि तापाचं निमित्त करून घोंगडीखाली शिरला.

बयाबाई मळ्यात मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. शिमगा तोंडावर आला होता. आता नवीन बी लावून कोहळा धरणार तो पावसाळ्यात. मळा जाणार होता. शिमग्यानंतर बाजारात न्यायला पाटीत काय घालायचं, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत होता. हैबती जवळ आला, काहीतरी बोलावं म्हणून म्हणाला, “कोनाला तरी इचारू का?” बयाबाईनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो तसाच कावड घेऊन नदीकडं गेला.

दोनतीन दिवसांनी ती गुरांचं वाळलेलं शेण गोळा करत बांधाशी आली. तिसऱ्या वेलाचा एक शेंडा मागंच कधीतरी बांध ओलांडून मालोजीच्या हद्दीत गेला होता. तिथं गवत रचायचा लाकडी माच रिकामा पडला होता, त्याच्यावर तो चढला होता. हैबतीनं त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही अशी शपथ घेतलेली, म्हणून धूर, राख, घासलेट, मोरचूद यांतलं काहीच बांधापलीकडं पोचलं नव्हतं. आणि मालोजी देवीच्या वेलाला, तोही दुसऱ्याच्या, कशाला हात लावील? बयाबाईनं मान वर केली तर माचावर हिरवीगार पानं होती आणि त्यांच्या आड घागरीएवढा कोहळा टेकून बसला होता.

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि बांधावर चढून जवळून पाहिलं. पानांवर भुरी इथंही होती. पण डागाडागांवर ते पिवळे किडे बसले होते, आणि हे किडे पान खात नव्हतेच. डोकं खाली घालून ते नुसती पांढरी पिठी खात होते. पोतेऱ्यानं जमीन सारवत जावी तसा एकेक किडा सरकत होता आणि त्याच्या मागं पान हिरवं होत होतं. बयाबाईला ती करवंटी आठवली, वाकून वाकून दुखलेली कंबर आठवली, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी येऊन ती हैबतीला म्हणाली, “तुमी बरोबर म्हनालावता. ते किडं पान खात नाय. भुरी खात्यात.”

“मी म्हनालो?” हैबती गोंधळला. “कवा?”

“माज्या शेजारी बसून म्हनालावता की!”

“मला नाय आठवत. ते गुरव म्हनाला असंल.”

बयाबाईनं हात जोडले, पण देवाला की नवऱ्याला ते तिचं तिलाच कळलं नाही.

गोष्ट गावकीपुढं गेली. गावचा म्हातारा गावकर गोमाजी काठी टेकत बांधावर आला, मागं चारपाच बापेमाणसं. गोमाजीनं विचारलं, वेलाचं मूळ कुणाच्या जमिनीत? काठीनं माती उकरून पाहिलं. वेल मळ्यात उगवला होता हे खरं, पण माचाखालीही पेऱ्यापेऱ्याला त्यानं मुळं सोडली होती. करपलेल्या दोरातून काही जात होतं का नव्हतं, कोण सांगणार.

“हितं बी मूळ हाय, तितं बी मूळ हाय,” गोमाजी म्हणाला. “बी मळ्यातलं, म्हनून कोहळा देवीला चालंल. पन जमीन मालोजीची. त्यानं दिला पायजे.”

मालोजी हाताची घडी घालून उभा होता. “मी पानाला बोट लावलं नाय. बोट लावलं असतं तर ह्योच म्हनाला असता, वेल मारला. आता त्यानं तोंडानं मागावा. ‘मालूदादा, कोहळा दे.’ येवडंच.”

सगळ्यांनी हैबतीकडं पाहिलं. हैबती नदीकडं पाहत होता. घोंगडीवाल्याला, गुरवाला, कोंडाजीला, अख्ख्या जगाला ज्याला नाही म्हणता येत नव्हतं, त्याला भावाला ‘दे’ म्हणता येईना. त्याचे कान लाल झाले होते. बयाबाईला वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. आयुष्यभर ज्याचं त्याचं ऐकलंस, आता दोन शब्द बोलायचे तर दातखीळ बसली.

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बांध ओलांडला. गावकीत बाईनं बोलायची रीत नव्हती. “भावोजी,” ती खाली बघत म्हणाली, “कोहळा द्या.”

“त्यानं मागाया पायजे.”

“बायकू मागते म्हंजी घर मागतंय,” गोमाजी म्हणाला. त्यालाही उन्हाचं उभं राहवत नव्हतं.

मालोजी तोंड फिरवून म्हणाला, “ने. पन ती म्हैस माजी व्हती, येवडं तरी त्याला म्हनायला लाव.”

“म्हैस माजी व्हती,” हैबती म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

गोमाजीनं काठी आपटली. त्या दोघांचं तिथंच जुंपलं, आणि बापे मधे पडले. बयाबाईनं तेवढ्यात देठ पिरगळून कोहळा काढला, उराशी धरला आणि चालू लागली. अंगाला त्याची लव टोचत होती, छातीवर पांढरी पूड लागली होती. ती मागं वळून बघायला थांबली नाही.

शिमग्यात पालखी सहाणेवर बसली, ढोल वाजले, कोहळा फुटला. आत पांढराशुभ्र, बियांनी भरलेला. मळा राहिला. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या बयाबाईचे डोळे भरून आले. तेवढ्यात बाप्यांच्या बाजूनं हैबतीचा आवाज आला.

“मोरचूद! मुंबईचा इलाज. तिन्ही वेल भुरीनं खाल्लं. मी म्हनलं, काय व्हायाचं ते व्होऊ दे, मारा मोरचूद! तवा कुटं त्यो शेंडा राहिला नि कोहळा पिकला!”

कोंडाजीनं मान डोलवली. लोकांनी त्याला घेरलं. कुणी म्हणे माझ्या काकडीला पाठव, कुणी म्हणे मिरचीला चालेल का. वेल भुरीनंच करपले असं गाव समजून होतं, हे बयाबाईला ठाऊक होतं. खरं सांगावं तर मळ्यातले वेल यांनीच मारले हे चारचौघांत येणार, आणि देवीची जमीन नीट कसता येत नाही म्हणून मळा मालोजीला द्या असं उद्या गावकीच म्हणणार. जो इलाज खोटा त्याची वाहवा ऐकत तिला उभं राहावं लागलं, आणि तीही नवऱ्याच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी राहीबाई आली. बांध ओलांडून, वाटी घेऊन, इकडंतिकडं बघत. “गो बये, जरा मोरचूद दे. आमच्या काकडीवर पांढरं आलंय. नि त्यो तुजा पिवळा किडा बी हाय लई.”

बयाबाईला प्रश्न पडला. गप्प बसावं तर हिची काकडी करपणार, आणि माचावरचे किडे सगळे मरणार. सांगावं तर मालोजीच्या हाती आयतं कोलीत. तिनं राहीबाईच्या हाताकडं पाहिलं. ते हातही तिच्यासारखेच, मातीनं चिरलेले. ती म्हणाली, “जाऊबाय, मोरचूद नका टाकू. त्यानंच आमचं वेल गेलं. तुमच्या माचावरचा वेल वाचला त्यो त्या किड्यांनी. त्ये भुरी खात्यात. त्यास्नी फकस्त राहू द्या. दुसरं कायबी करू नका.”

राहीबाईनं वाटी पदराखाली घेतली. “कायबी करू नको?”

“कायबी नाय.”

“द्यायाचं नसंल तर नाय म्हन गो सरळ,” राहीबाई म्हणाली. “किडं राखा म्हनं! मी काय येडी हाय? कोहळा आमच्या माचावरचा नेलात, नि चिमूटभर औशिध देताना जीव जातोय तुजा.”

ओटीवरून हैबती म्हणाला, “दे की गो त्यास्नी. भांडान बाप्यांचं हाय. औशिधाला नाय म्हनू नये.”

बयाबाई आत गेली. चुलीपुढं उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून ऐकणारं त्या घरात कुणी नव्हतं. मोरचुदाचं पुडकं फडताळात होतं. तिनं ते उचललं, खडे मडक्यात ओतून मडकं माळ्यावर सरकवलं, आणि पुडक्याच्या त्या मुंबईच्या कागदात चुलीतली गार राख भरली. नीट चाळून, नीट दोरा बांधून.

“घ्या,” ती बाहेर येऊन म्हणाली. “कुटून ठेवलंय, म्हनून करडं दिसतं. पानावर नाय टाकायाचं. वेलाच्या मुळाभोवती रिंगान घालायाचं. मंग पाडव्यापत्तुर वेलाला हात लावायाचा नाय, का पान हलवायाचं नाय. किडा मारलात तर गुन जातो. लई कडक हाय.”

“आता कसं!” राहीबाई म्हणाली. पुडकं तिनं कपाळाला लावलं. “आदीच सांगायाचं नाय व्हय? नि किडा दिसला तर?”

“दिसला तर नमस्कार करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाई मळ्यात करपलेले वेल गोळा करत होती. बांधापलीकडं राहीबाईनं काकडीभोवती राखेचं सुबक रिंगण घातलं होतं. ती पोरांना लांब हाकलत होती, “कडक हाय रे, लांब व्हा!” असं ओरडत होती. मग तिनं एका पानाशी वाकून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

बयाबाईला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच संताप आला. अगदी हेच पौषात घरातल्या माणसाला सांगितलं असतं, कागदात बांधून, कडक आहे म्हणून, तर त्यानं “बरं” म्हटलं असतं आणि पाडव्यापर्यंत पाळलं असतं. तिन्ही वेल उभे राहिले असते. तिनं वाळक्या वेलांचा भारा दोरीनं आवळला.

“सगळंच पुडकं दिलंस व्हय गो त्यास्नी?” पाठीमागून कावड टेकवत हैबती काळजीनं म्हणाला. “पुढल्या साली आपल्याला लागंल की.”

“लागंल तेवडं हाय घरात,” बयाबाई म्हणाली आणि भारा डोक्यावर घेतला.